दोन म्हशी आणि पाच माणसं

नावेच्या अंगाला साबणाचा फेस फासून मी अंगणात पालथा पडलो होतो, तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "औंदा किती फूट येतंय म्हणत्यात?"

गोव्यातल्या एका रिसॉर्टमागं उन्हात पडलेली ही कॅटामरान मी घेतली, तेव्हापासून कोल्हापुरातली सगळी शिवाजी पेठ मला पुराचं हेच विचारते. होबी १६. कॅलिफोर्नियातल्या होबी आल्टर नावाच्या सर्फबोर्डवाल्यानं काढलेली, लाटेवरून थेट वाळूवर चढणारी. दोन निमुळती फायबरची होडकी, मधे ताणलेली जाळी आणि २६ फुटांची डोलकाठी. ही काठी ॲल्युमिनियमची. अमेरिकेत विजेच्या तारेला लागून माणसं गेली, तेव्हा कुठं पुढच्या नावांना वरचं टोक फायबरचं आलं. आमच्या गल्लीत तारा, केबल आणि मंडळाच्या पताका यांतून पतंग जात नाही, डोलकाठी कुठं उभी करू?

तर साबण. होडक्यात हलकी हवा भरायची आणि बाहेर बुडबुडा कुठं येतो ते बघायचं. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावला तर सांधेच उकलतील, म्हणून मी तोंडानं फुंकत होतो. गाल फुगलेले, दाढीला फेस. अशा अवस्थेत आबांनी मला गाठलं. आबा सुतारवाड्यातले. रोज गंगावेशीत म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकासमोर धार काढणारे.

"आबा, ही पुराची न्हवं. शिडाची हाय. वाऱ्यावर चालती."

"मग पुरात वारं नसतंय व्हय?"

मी गप्प. आबांनी जाळी दाबून बघितली, होडक्यावर बोटानं टकटक केलं. नेमकं फायबर पोकळ झालंय तिथंच बद्द वाजलं. "हितं मेलंय गा," म्हणाले. ती जागा शोधायला माझा अख्खा रविवार गेला होता.

"किती बसत्यात?"

"दोघं. लई झालं तर तिघं."

"आमी पाच. आन दोन म्हशी."

"आबा, नावच १४५ किलोची! म्हस एकटी हिच्या तिप्पट भरंल."

"म्हस कशाला बसती? ती पवती. दावं तेवढं हितं बांधायचं." त्यांनी सुकाणूच्या कडीला हात लावला, मग विचार बदलून पुढं गेले. "न्हाईतर फुडंच बांधू. वारं पडलं तर थोरली वडंल. तिला लई वढ हाय."

आणि माझ्या ओल्या खिशात ५१ रुपये कोंबले. इसार!

राग आबांचा नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आलं की इशारा आणि ४३ ला धोका, पण सुतारवाड्याला त्याआधीच पोरंबाळं उचलावी लागतात. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. त्यानंतरही पूररेषेत भराव पडतात, त्यावर मंगल कार्यालयं उठतात, लोक तिथं जाऊन जेवून येतात. कुणी चकार शब्द काढत नाही. नियोजन कशाचं, तर माझ्या नावेचं! पावसाळा सरल्यावर तारकर्लीला जायचं माझ्या डोक्यात आहे, हे ऐकायला माणूस नाही. शिडाचे रंगीत पट्टे मी ब्रश घेऊन धुतलेत. भारी दिसतंय म्हणायला काय पैसे पडतात?

संध्याकाळी आबांची सून दुधाचा तांब्या घेऊन आली. पैसे घेईना. जाताना फाटकाशी घुटमळली.

"भाऊजी, मला तेवढी फुडची जागा धरा. मागं बसलं की मळमळतंय."