डेटोना ५०० : एका फॉरवर्डचा समाचार

फॉर्म्युला वनच्या चाहत्यांमध्ये डेटोना ५०० या शर्यतीबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि तिचा महिना, फेब्रुवारी, आला की त्याला नवी पालवी फुटते. मजकूर थोडाफार बदलतो, सार हेच : 'अमेरिकेतली डेटोना ५०० ही दारूच्या तस्करांनी सुरू केलेली शर्यत. स्टॉक कारची, म्हणजे बाजारातल्या मॉडेलवर बेतलेल्या गाड्यांची, ५०० मैलांची पहिली शर्यत हीच. शोरूममधली गाडी घ्यायची, अॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि दोनशे वेळा डावीकडे वळायचं. ज्याचं इंजिन दमदार तो जिंकतो. खेळ गोऱ्या पुरुषांचा आणि गर्दी जमते ती अपघात बघायला.'

यातलं एक वाक्य बरंचसं खरं आहे. बाकीच्यांची झडती घेऊ.

'तस्करांनी सुरू केली'

फ्लोरिडातल्या डेटोना बीचचं गाड्यांशी नातं तस्करांमुळे जुळलेलं नाही. ओहोटीनंतर तिथली वाळू इतकी घट्ट आणि सपाट होते, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोक वेगाचे विक्रम करायला तिथे येत. मार्च १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेलने आपली 'ब्लूबर्ड' तिथे ताशी २७६ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४४५ किलोमीटरच्या वेगाने पळवली. मात्र त्याच वर्षी तो यूटाच्या मिठाच्या मैदानावर गेला आणि त्याच्या मागोमाग विक्रमवीरांनीही डेटोना सोडलं. गावाला पर्यटकांची चिंता पडली. म्हणून १९३६ मध्ये शहराने एक शर्यत भरवली. अर्धा मार्ग वाळूवरून, अर्धा किनाऱ्यालगतच्या डांबरी रस्त्यावरून. वळणांवरची वाळू उखडली, गाड्या रुतल्या, ठरलेलं अंतर पुरं होण्याआधीच शर्यत आवरती घ्यावी लागली आणि शहराचे पैसे बुडाले. म्हणजे या परंपरेचा पहिला आयोजक कोण, तर सुट्टीचे पाहुणे हातचे जाऊ नयेत म्हणून धडपडणारं एक गाव.

त्या शर्यतीत पाचवा आलेला बिल फ्रान्स हा वॉशिंग्टनहून येऊन डेटोनात स्थिरावलेला मेकॅनिक. पुढे किनाऱ्यावरच्या शर्यती त्यानेच हाती घेतल्या. तेव्हा गावोगावी नियम वेगळे असत आणि तिकिटांचा गल्ला घेऊन पसार होणारे आयोजकही कमी नव्हते. यावर उपाय म्हणून डिसेंबर १९४७ मध्ये डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात त्याने बैठक बोलावली आणि २१ फेब्रुवारी १९४८ ला नासकार या स्टॉक कार शर्यतींच्या संघटनेची रीतसर नोंदणी झाली.

मग तस्कर कुठून आले? ते होतेच, नाकारण्यात अर्थ नाही. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, तरी कर चुकवून गाळलेली दारू अॅपलेशियन डोंगरांतून रात्री उतरवण्याचा धंदा चालूच राहिला. पोलिसांना हुलकावणी देता देता तयार झालेले ड्रायव्हर शर्यतींत आले. त्यांतला सगळ्यात गाजलेला ज्युनियर जॉन्सन. गंमत अशी, की गाडी चालवताना तो कधी सापडला नाही. सापडला तो १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर, आणि अकरा महिने तुरुंगात काढून आला. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली.

पण 'चालवली' आणि 'सुरू केली' यात फरक आहे, आणि तो दाखवायला नासकारच्या नव्या गाड्यांची पहिलीच शर्यत पुरे. १९ जून १९४९, शार्लट. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डचे मागचे पाटे बदललेले सापडले. दारूचं ओझं घेऊन वळणं घेता यावीत म्हणून तस्कर करत तसलाच हा बदल. डनवे बाद झाला, विजय लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला मिळाला. गाडीचा मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलंड कोर्टात गेला आणि हरला. ज्या संघटनेवर तस्करांचा शिक्का मारला जातो, तिने पहिल्याच दिवशी तस्करीच्या बनावटीची गाडी बाद केली आणि तो निकाल कोर्टात टिकला.

शिवाय डेटोनाच्या विजेत्यांची यादी पाहिली तर १९६२ चा विजेता फायरबॉल रॉबर्ट्स एकेकाळी विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत होता, आणि २००८ चा विजेता रायन न्यूमन तर पदवीधर इंजिनिअर. यांना कुठल्या भट्टीवर बसवणार?

'५०० मैलांची पहिली'

हे दोन ओळींत आटोपतं. नासकारची ५०० मैलांची पहिली शर्यत साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टनला ४ सप्टेंबर १९५० रोजी झाली. ७५ गाड्या धावल्या, जॉनी मॅन्झ प्लिमथमधून जिंकला. डेटोना ५०० त्यानंतर जवळपास साडेआठ वर्षांनी, २२ फेब्रुवारी १९५९ ला आली. आणि तीही दरवर्षी ५०० मैलांची झालेली नाही : १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे ४५० मैलच पळवली, मोजणी थेट एकविसाव्या फेरीपासून सुरू करून.

'शोरूममधली गाडी'

१९४९ पुरतं हे शब्दशः खरं. १९५९ मध्येही रूपाने तरी खरं, त्या वर्षी तर उघड्या टपाच्या आणि बंद टपाच्या गाड्या एकत्र धावल्या. साठच्या दशकाच्या शेवटी मात्र गंगा उलटी वाहू लागली. डेट्रॉइटच्या कंपन्या आधी ट्रॅकसाठी गाडी आखत आणि नियमापुरत्या काही शे गाड्या ग्राहकांच्या गळ्यात मारत. लांब नाकाची, पाठीवर उंच पंख असलेली 'डॉज चार्जर डेटोना' ही त्यातलीच. तिचीच बहीण प्लिमथ सुपरबर्ड घेऊन पीट हॅमिल्टनने १९७० ची डेटोना जिंकली. आजच्या शर्यतीतल्या गाडीला उघडणारं दार नाही, हेडलाइटच्या जागी स्टिकर आहे, चाक एकाच नटावर बसतं. दुकानातली कॅमरी पुढच्या चाकांवर चालते, ट्रॅकवरची 'कॅमरी' व्ही-८ इंजिनाने मागची चाकं फिरवते. साम्य उरलंय ते नावाचं आणि थोडंफार चेहऱ्याचं.

'डावीकडे वळायचं, दमदार इंजिन जिंकतं'

खरी मजा इथे आहे, आणि हा समज पसरवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त चुकतं तेही इथेच. आधी साधा हिशेब : फेऱ्या दोनशे, पण प्रत्येक फेरीत वळणं चार, शिवाय प्रेक्षागृहासमोर ट्रॅकला आलेला बाक वेगळाच. असो.

बिल फ्रान्सने वाळू सोडून अडीच मैलांचा पक्का ट्रॅक बांधायचं ठरवलं, तेव्हा त्याला वेग तर हवाच होता, पण प्रेक्षकांना गाड्या सतत दिसायलाही हव्या होत्या. अभियंता चार्ल्स मनीपेनीने वळणांना ३१ अंशांचा उतार दिला. त्याहून तिरप्या उतारावर डांबर अंथरणारी यंत्रं टिकली नसती. तेवढ्यावरसुद्धा ती घसरू नयेत म्हणून वर बुलडोझर उभे करून त्यांना बांधून घ्यावी लागली. या भरावासाठी माती आतल्या मैदानातून उपसली. उरलेल्या खड्ड्यात पाणी साठलं, तोच आजचा लेक लॉइड. १९६० मध्ये पात्रता शर्यतीत टॉमी अर्विन गाडीसकट त्यात गेला होता.

अशा उतारावर गाडीला वळणात वेग फारसा कमी करावा लागत नाही. म्हणजे फॉरवर्डमधला दाबलेला अॅक्सिलरेटर खरा. पण मग सगळ्यांचाच दाबलेला असताना एक पुढे कसा जातो? उत्तर हवेत आहे. मोठ्या ट्रकच्या मागे सायकल चालवली असेल त्याला ते सांगायला नको. १९६० मध्ये ज्युनियर जॉन्सन, हो तोच, जुन्या मॉडेलची शेव्हरले घेऊन आला होता. पाँटियाक त्याच्यापेक्षा सरळसरळ वेगवान होत्या. सरावात त्याच्या लक्षात आलं, की पाँटियाकच्या मागे चिकटून राहिलं तर आपली गाडी तिच्या बरोबरीने पळते. त्या एका निरीक्षणावर त्याने ती डेटोना ५०० जिंकली. 'दमदार इंजिन जिंकतं' हे दुसऱ्याच वर्षी खोटं ठरलं होतं, तेही एका माजी तस्कराकडून!

हवेचा हा खेळ पुढे फार बारीक झाला. मागची गाडी चिकटली की पुढचीच्या मागे ओढणारी हवा कमी होते, म्हणून दोन गाड्या मिळून एकटीपेक्षा जोरात पळतात. शेजारून कुणी मागच्या चाकाच्या बाजूला येऊन ठेपला की त्याची हवा तुमच्या गाडीला खेचते. मागून फारच जवळ आला तर मागची चाकं हलकी होतात आणि गाडी हातातून निसटू पाहते. या सगळ्यात ड्रायव्हरला मागचं नीट दिसत नाही. प्रेक्षागृहाच्या माथ्यावर उभा असलेला त्याचा माणूस रेडिओवर सांगत राहतो, कोण कुठून येतोय. ओळ चुकली, साथीदार चुकीचा निवडला, की पाचव्या क्रमांकावरून तीन फेऱ्यांत पंचविसाव्यावर.

आणि इंजिनाचं म्हणाल तर ते गेली तीन दशकं आणि वर मुद्दाम गुदमरवून ठेवलंय. १९८७ मध्ये बिल एलियटने डेटोनात ताशी २१०.३६४ मैलांची, म्हणजे सुमारे ३३८ किलोमीटरची पात्रता फेरी मारली. त्याच वर्षी अलाबामातल्या टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बॉबी अॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढची जाळी फाडून गेली, काही प्रेक्षक जखमी झाले. १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनाकडे जाणारी हवा कमी करणारी चकती सक्तीची झाली. या सक्तीनंतरची पहिली डेटोना ५०० जिंकली कुणी? त्याच बॉबी अॅलिसनने, वयाच्या ५० व्या वर्षी, आणि दुसरा आला त्याचा मुलगा डेव्ही.

शक्ती सगळ्यांची सारखीच आवळल्यामुळे गाड्यांचा घोळका सुटत नाही आणि नाव नसलेलाही जिंकू शकतो. २०११ मध्ये विसावा वाढदिवस आदल्या दिवशीच झालेला ट्रेव्हर बेन जिंकला. नासकारच्या सगळ्यात वरच्या मालिकेतली ती त्याची दुसरीच शर्यत. २०१६ मध्ये डेनी हॅम्लिनने अवघ्या ०.०१० सेकंदाने बाजी मारली. माझी तक्रार वेगळीच आहे : अलीकडे इंधन वाचवण्यासाठी अख्खा घोळका जाणूनबुजून सावकाश धावतो, आणि मधले तास कंटाळवाणे होतात. नावं ठेवायचीच असतील तर यावर ठेवा.

घासून संपणं पहिल्या वर्षापासूनचंच. १९५९ मध्ये शेवटच्या रेषेवर तीन गाड्या शेजारी होत्या. त्यांतला जो वेदरली एक फेरी मागे होता. जॉनी बोशँप विजेता जाहीर झाला, त्याचे फोटोही निघाले. मग छायाचित्रं आणि बातमीपटांची फीत तपासून तिसऱ्या दिवशी, बुधवारी, ली पेटीला विजेता ठरवलं. १९७६ मध्ये त्याचा मुलगा रिचर्ड आणि डेव्हिड पिअर्सन शेवटच्या वळणावर एकमेकांना धडकले. आदळताना पिअर्सनने क्लच दाबून धरला म्हणून त्याचं इंजिन चालू राहिलं, पेटीचं बंद पडलं. मोडकी गाडी रांगत रेषेपार नेऊन पिअर्सन जिंकला. पायाने तेवढं भान ठेवणं अॅक्सिलरेटर दाबण्यात मोडत नाही.

'गोऱ्या पुरुषांचा खेळ'

बरंचसं खरं असलेलं वाक्य ते हे. डेटोनाच्या उत्तरेला जॅक्सनव्हिल आहे. तिथे १ डिसेंबर १९६३ रोजी कृष्णवर्णीय ड्रायव्हर वेंडेल स्कॉट जिंकला आणि झेंडा व मान मिळाला बक बेकरला. काही तासांनी चूक मान्य झाली, तोवर प्रेक्षक घरी गेले होते. स्कॉट १९९० मध्ये वारला. त्या विजयाची ट्रॉफी त्याच्या कुटुंबाच्या हाती २०२१ मध्ये पडली, डेटोनाच्याच ट्रॅकवर. शर्यतींच्या ठिकाणी गुलामीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा फडकवायला बंदी आली तीही जून २०२० मध्ये. याची सफाई देता येत नाही आणि देऊही नये.

तरी 'बरंचसं' म्हणजे 'सगळं' होत नाही. जुलै १९४९ मध्ये डेटोनाच्या वाळूवर सारा ख्रिश्चन, लुईस स्मिथ आणि एथेल मोब्ली या तिघी एकाच शर्यतीत उतरल्या होत्या. १९७७ मध्ये जॅनेट गथ्री डेटोना ५०० मध्ये बारावी आली. २०१३ मध्ये डॅनिका पॅट्रिक सगळ्यांत पुढून सुटली आणि आठवी आली. २०१८ मध्ये कृष्णवर्णीय बबा वॉलेस दुसरा. पहिला क्रमांक मात्र अजून कुठल्या बाईला मिळालेला नाही.

'अपघात बघायला येतात'

१९७९ चं उदाहरण हमखास दिलं जातं. डेटोना ५०० सुरुवातीपासून शेवटपर्यंत टीव्हीवर थेट दिसली ती त्या वर्षी पहिल्यांदा. ईशान्येत हिमवादळाने लोक घरात अडकलेले. शेवटच्या फेरीत केल यारबरो आणि डॉनी अॅलिसन भिडले, बरंच मागे असलेला रिचर्ड पेटी जिंकला आणि इकडे गवतावर हाणामारी. त्याने खेळाला प्रेक्षक मिळवून दिले, मान्य. पण लोकांना चटक लागली ती निकाल शेवटच्या मिनिटाला पालटतो याची.

अपघातच हवे असते तर ते सौम्य करण्यासाठी इतका खर्च कुणी केला नसता. १८ फेब्रुवारी २००१ ला डेल अर्नहार्ट शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून ठार झाला. त्याच वर्षी डोकं आणि मान जखडून धरणारा पट्टा सक्तीचा झाला, मग धक्का पचवणाऱ्या भिंती आल्या. २०१५ मध्ये मुख्य शर्यतीच्या आदल्या दिवशी काइल बुश अशी भिंत नसलेल्या जागी आदळला, पाय मोडून बसला, आणि ट्रॅकने उरलेल्या जागाही झाकायचं जाहीर केलं. २०२० मध्ये शेवटच्या रेषेजवळ रायन न्यूमनची गाडी उलटली आणि त्याच अवस्थेत दुसरी तिच्यावर येऊन आदळली. दोन दिवसांनी तो चालत रुग्णालयातून बाहेर आला, मे महिन्यात डार्लिंग्टनला पुन्हा शर्यतीत उतरला. आणि नासकारने अशा ट्रॅकसाठी इंजिनाची हवा आणखी कमी केली.