वजन उतरवण्याआधी विचारायचे दोन प्रश्न

ओळखीतल्या कुणाचं वजन भराभर उतरलेलं दिसलं की लोक विचारतात, "काय केलंस?" उत्तर "डाएट" असेल तर कौतुक होतं, तक्ता मागून घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो चार ग्रुपांवर फिरत असतो. उत्तर "डॉक्टरांनी औषध सुरू केलंय" असेल तर चेहरे बदलतात. "म्हणजे स्वतःहून नाही केलंस" हे तोंडावर कुणी म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात. डाएट ही कष्टाची कमाई आणि औषध ही पळवाट, असं आपण पक्कं ठरवून टाकलंय. यात लोकांच्या तब्येतीची वाट लागते, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी डॉक्टर नाही. घरात लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही असल्यामुळे या विषयावर बरीच वर्षं वाचतेय, डॉक्टरांना प्रश्न विचारतेय. माझं मत असं झालंय की डाएट असो वा औषध, दोघांनाही तेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हे थांबवल्यावर काय होणार? आणि हे चालू असताना माझ्यावर लक्ष कोण ठेवणार? औषधाला हे प्रश्न निदान कुणीतरी विचारलेले असतात. व्हायरल डाएटला ते कुणीच विचारत नाही.

आधी त्या पहिल्या आठवड्याबद्दल, कारण सगळी जाहिरात त्याच्यावरच चालते. "सात दिवसांत तीन किलो" हे खोटं नसतं, काटा खरंच तेवढा खाली येतो. आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात थोडी साखर साठवलेली असते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं एकदम बंद केली की हा साठा वापरला जातो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. चरबी त्यात थोडीशीच असते. पुन्हा नेहमीसारखं जेवायला लागलं की ते पाणी दोन-तीन दिवसांत परत येतं, आणि माणूस समजतो की आपण कमी पडलो. ज्याने तो तक्ता विकला त्याला कुणी काही विचारत नाही.

माझ्या मामेबहिणीने असा एक ऑनलाइन कार्यक्रम लावला होता. दिवसभर रस, संध्याकाळी उकडलेलं काहीतरी, तेल-तूप पूर्ण बंद, आणि सगळ्यावर "डिटॉक्स"चं लेबल. (शरीरातली नको ती द्रव्यं बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतात, त्यासाठी रसांची गरज नसते.) वजन झपाट्याने उतरलं. दोनेक महिन्यांनी केस गळायला लागले, न्हाणीघराच्या जाळीत पुंजके अडकायचे. मग एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की तिला सरळ बसता येईना. सकाळी तिने ग्रुपमध्ये विचारलं, तर उत्तर आलं, "शरीर साफ होतंय, सहन करा, सोडू नका." सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले आणि शेवटी पित्ताशयच काढावं लागलं.

यात दैवाचा भाग नव्हता. वजन फार वेगाने उतरलं की यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात स्निग्ध पदार्थ नसले की पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, पित्त तिथेच साचून राहतं आणि खडे बनायला आयती जागा मिळते. डॉक्टरांना हे चांगलं माहीत असतं, म्हणून आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरायला लागलं की ते सावध होतात. ग्रुप चालवणाऱ्यांना ते माहीत असायची सक्ती नाही. नुकसान झालं तर त्याची नोंद करण्याची तर नाहीच नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत द्रवरूप प्रथिनांवर जगायचं एक डाएट फार चाललं होतं. ते करणाऱ्या पन्नासहून जास्त जणांचे मृत्यू नोंदले गेले आणि त्यातले बरेच हृदयाचे ठोके बिघडून झाले होते. औषधाने एवढी माणसं गेली असती तर त्याचं नाव आजही सगळ्यांच्या तोंडी असतं. डाएटचं नाव विसरलं जातं आणि दहा वर्षांनी तेच नव्या वेष्टनात येतं.

"पण मनावर ताबा हवा" असं म्हणणाऱ्यांना मला एक प्रयोग सांगावासा वाटतो. १९४४-४५मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला साधारण १५७० कॅलरी. आजचे कित्येक डाएट यापेक्षा कमी देतात. त्या तरुणांचं वजन सुमारे चतुर्थांश घटलं. पण त्याबरोबर ते चिडचिडे झाले, उदास झाले, त्यांना दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, स्वप्नंही अन्नाचीच पडायची. हे सगळे स्वयंसेवक होते, निवडून घेतलेले, निर्धाराचे. त्यांची इच्छाशक्ती कमी होती असं कुणी म्हणू शकत नाही. पोटभर जेवण सुरू झाल्यावर अनेकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली.

हे का होतं ते पुढे कळत गेलं. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात कडक डाएटने वजन उतरवलेल्या लोकांची भुकेशी संबंधित हार्मोन्स वर्षभरानंतर पुन्हा तपासली. भूक वाढवणारं घ्रेलिन अजून चढलेलंच होतं, पोट भरल्याची खबर देणारी हार्मोन्स अजून उतरलेलीच होती. वजन कमी करायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर त्यांच्या वजनाच्या मानाने दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. बहुतेकांचं उतरलेलं वजन मोठ्या प्रमाणात परत आलं होतं. म्हणजे डाएट सुटल्यावर वजन परत येतं त्यात माणसाच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो. शरीर हरवलेलं वजन परत मिळवायला झगडत असतं. हे ज्याने अनुभवलंय त्याला "खायचं कमी कर, चालायचं जास्त कर" असं ऐकवणं मला क्रूर वाटतं.

मग कर्बोदकं कमी करायची की चरबी? यावरची भांडणं मी आता वाचणं सोडलंय. स्टॅनफर्डमध्ये ६०९ जणांवर वर्षभराचा अभ्यास झाला, २०१८मध्ये निष्कर्ष आले. चरबी कमी केलेल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कर्बोदकं कमी केलेल्यांचं ६ किलो, आणि तो फरक महत्त्वाचा नव्हता. प्रत्येक गटात मात्र कुणाचं खूप उतरलं, कुणाचं उलट वाढलं. जे तुम्हाला वर्षभर, दोन वर्षं जमेल आणि ज्यात पोषण आहे, ते तुमचं.

कडक डाएट नेहमीच वाईट असतं असंही मी म्हणणार नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांना तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींवर ठेवलं होतं. वर्षाअखेरीस त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पण त्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी बंद केली होती, ठरावीक अंतराने तपासणी होत होती आणि नेहमीच्या जेवणाकडे परत कसं यायचं ते टप्प्याटप्प्याने शिकवलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने तेच डाएट मोबाइलवर बघून घरी सुरू केलं तर साखर इतकी खाली जाऊ शकते की शुद्ध हरपेल. दोन्हीकडे अन्न तेवढंच. लक्ष ठेवणारं माणूस एकीकडे होतं, दुसरीकडे नाही.

आता औषधं. त्यांची भीती वाटणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही, कारण वजनाच्या औषधांचा इतिहास खराब आहे. १९३०च्या दशकात डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवायला विकलं गेलं. त्याने शरीराचं तापमान चढून माणसं मेली, काहींना मोतीबिंदू झाले. तरीही ते आजसुद्धा इंटरनेटवर चोरून विकलं जातं. कुणी "फॅट बर्नर" म्हणून देऊ केलं तर हात लावू नका. फेनफ्लुरामिन १९९७मध्ये हृदयाच्या झडपांवरच्या परिणामांमुळे मागे घेतलं. रिमोनाबंट २००८मध्ये नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांमुळे, सिब्युट्रामिन २०१०मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे, लॉर्कासेरिन २०२०मध्ये कर्करोगाच्या शंकेमुळे. यादी वाचून धडकी भरते. पण ती यादी तयार झाली कारण कुणीतरी मोजत होतं.

सध्या चर्चा आहे ती सेमाग्लुटाइड आणि टर्झेपाटाइड या आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते मेंदूला पोट भरल्याचं सांगतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं, टर्झेपाटाइड त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनची. सेमाग्लुटाइडच्या १९६१ जणांवरच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांचं २.४ टक्के. टर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. २०२३मध्ये आलेल्या १७ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या जाड माणसांमध्ये सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी केलं. एवढा पुरावा असताना त्याला पळवाट म्हणणं मला पटत नाही.

माझी एक मैत्रीण हे इंजेक्शन घेते. आयुष्यभर वजनाशी झगडलेली बाई. सुरू केल्यावर काही आठवड्यांनी तिने मला विचारलं, "जेवण झालं की पुढच्या जेवणाचा विचारच येत नाही. बाकीच्यांना हे असंच असतं का गं?" डोक्यात सतत चाललेली खाण्याची भुणभुण थांबू शकते हे तिला माहीतच नव्हतं. तिला शिस्त शिकवायला गेलेल्या आम्हा सगळ्यांना त्या भुणभुणीची कल्पना नव्हती.

तिला त्रासही झाला. डोस वाढवल्यावर उलट्या सुरू झाल्या, पाणीही पोटात टिकेना. डॉक्टरांनी डोस पुन्हा खाली आणला, आणखी एक महिना तिथेच ठेवला. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवत नेतात ते याचसाठी. मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ हे अनेकांना होतं. पित्ताशयाचा त्रास यातही होतो, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. पोटात तीव्र, न थांबणारी कळ आली तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झाला असेल तर ही औषधं घ्यायची नाहीत. आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो, एका चाचणीत चरबी सोडून इतर भागाची घट जवळपास ४० टक्के होती. म्हणून पुरेशी प्रथिनं आणि वजनं उचलण्याचा व्यायाम हवाच, वय साठीच्या पुढे असेल तर जास्तच.

थांबवल्यावर काय, हा प्रश्न इथेही सुटलेला नाही. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब चढतो, तसंच हे. बहुतेकांसाठी हा दीर्घकाळचा उपचार आहे, आणि सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी त्याविषयी बोलायला हवं. किती काळ, परवडणार का, न झेपल्यास काय. मूळ चाचण्या बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांवर, किंवा २७च्या पुढे आणि जोडीला वजनाशी संबंधित आजार असलेल्यांवर झाल्या होत्या. पाच किलो उतरवून फोटोत बारीक दिसायचंय म्हणून एखाद्या मित्राच्या इंजेक्शनच्या पेनमधून टोचून घेणं हा उपचार नाही. कुठल्यातरी अकाउंटवरून स्वस्तात मागवणं तर त्याहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता.

बऱ्याच जणांना यातलं काहीच लागणार नाही. २००२मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात उद्दिष्ट होतं वजन फक्त सात टक्के कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करण्याचं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे साधारण साडेपाच किलो. यावर कुणी रील बनवत नाही.

वजन अचानक वाढलं असेल तर आधी कारण शोधा. थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक विकार), स्टेरॉइड्स, काही मानसोपचाराची औषधं, झोपेचे विकार. कारण तसंच ठेवून डाएट करत राहिलं तर दोष स्वतःलाच लागतो.

आणि ज्यांचं इंजेक्शन चालू आहे त्यांच्यासाठी. लोक बोलतील म्हणून ते लपवून ठेवू नका, निदान तुमच्या डॉक्टरांपासून तरी नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या काही गोळ्या सोबत असतील तर त्यांचा डोस बदलावा लागतो. टर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं असतं. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी एंडोस्कोपी असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, कारण जठर उशिरा रिकामं होत असल्याने उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो. औषधाचं नाव, डोस आणि शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं, एवढं त्यांना सांगाच.