खुलासा : गेटऑप्ट 'सी'च्या स्टँडर्डमधलं नाही

गेटऑप्ट म्हणजे प्रोग्रॅम चालवताना कमांडमध्ये दिलेले ऑप्शन एकेक करून वाचून देणारं फंक्शन; कॅर म्हणजे एका बाइटचा डेटा प्रकार. त्यांच्याबद्दल सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : "गेटऑप्ट सी भाषेतच येतं, कुठल्याही कंपायलरवर चालतं. त्याचं उत्तर कॅरमध्ये ठेवा, मेमरी वाचते." दोन्ही चूक.

सी भाषा मेनला (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) फक्त आर्गसी (कमांडमधले शब्द किती) आणि आर्गव्ही (ते शब्द) देते; ऑप्शन निवडून काढायचे ते आपण. गेटऑप्ट पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं स्टँडर्ड), युनिस्टड डॉट एच या हेडर फाइलमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरबरोबर ही फाइल येतच नाही. एटी अँड टीने १९८५ मध्ये त्याचा सोर्स खुला केला म्हणून ते इतकं पसरलं, एवढंच. लांब नावांचे ऑप्शन घेणारं गेटऑप्ट लाँग तर पॉझिक्समध्येही नाही, ते ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचं.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती लॅपटॉपवर दिसत नाही. परवा एका पोराने चादरींचा स्टॉक मोजायचा प्रोग्रॅम आणला. घरी झकास चालायचा. रास्पबेरी पाय या एआरएम चिपच्या छोट्या कॉम्प्युटरवर टाकला की 'वापर असा करा' ही ओळ धो धो छापत सुटायचा, थांबायचं नावच नाही. ऑप्शन संपले की गेटऑप्ट उणे १ देतं. लिनक्सवर एआरएमचा कॅर बिनचिन्हाचा (उणे आकडे न ठेवणारा) असतो, त्यात उणे १ चे होतात २५५, मग तुलना जुळणार कशी? कॅरच्या जागी इंट (चार बाइटचा पूर्णांक) लिहिलं, विषय मिटला. (वाचलेली मेमरी : तीन बाइट!)

ग्रुपवर मेसेज आलाच, तर पुढे ढकलू नका.