मास्तर, एक फुल तासगाव

आज दुपारी जिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी भेटली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सेलोफेनमधला गुलाब आणि हॉस्पिटलचं नाव छापलेला कप. स्टाफ नर्स आहे. नाइट संपली सकाळी आठला, घरी पोचली दुपारी एकला. का, तर आज १२ मे, परिचारिका दिन! सत्कार आहे म्हणून नाइटवाल्यांनाही थांबवून घेतलं. पाहुणे उगवले साडेअकराला. समई, स्वागत, शाल-श्रीफळ (ते पाहुण्यांना), मग 'पांढऱ्या कपड्यातल्या माउल्या' यावर वीस मिनिटं, आणि शेवटी रांगेत एकेक गुलाब. "काका, उभ्या उभ्या झोपले मी," म्हणाली आणि हसली. आज रात्री परत नाइट आहे तिला.

तेव्हापासून डोकं सणकलंय. जेवलो, आडवा झालो, झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, हे तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण मागोमाग न्यूमोनिया, आणि आयसीयूत नऊ रात्री. तिसऱ्या रात्री अण्णा भ्रमात गेले. ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचे, नाकातली नळी उपसायला बघायचे, कॉटवरनं पाय खाली सोडायचे आणि ओरडायचे, "पुढं सरका, पुढं सरका! तिकीट!" मग त्यांचे हात पट्टीनं कॉटला बांधले. कधी कधी बांधावे लागतात, डॉक्टरांनी समजावलं, मला पटलंही. पण एकतीस वर्षं ज्या हातांनी तिकिटं फाडली ते हात कॉटच्या दांडीला बांधलेले बघून मी बाहेर येऊन बाकावर बसलो तो बसलोच.

चौथ्या रात्री ड्युटीला दुसऱ्या सिस्टर होत्या. मराठवाड्याकडच्या असाव्यात, बोलण्यावरनं कळायचं. रात्री दोनला त्यांनी मला उठवून आत नेलं, ओळखीचा चेहरा दिसला तर शांत होतील म्हणून. दारातच चपलेवरनं माझ्यावर खेकसल्या, तेही सांगतो. मग अण्णांच्या हाताची पट्टी सोडली, वाकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, एक फुल तासगाव."

अण्णा गप्प झाले.

सिस्टरनी गॉजच्या पाकिटाचा कागद त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो चोख फाडला, तुकडा पुढं केला आणि वर म्हणाले, "सुट्टे द्या बाई." सिस्टर म्हणाल्या, "डबल बेल तरी द्या की मास्तर." अण्णांनी नखानं कॉटच्या दांडीवर टण टण केलं. मग सिस्टर म्हणाल्या, "आता ही मुक्कामी गाडी आहे. सकाळी सहाला सुटायलीय. पडा जरा." आणि पडले! मास्क परत लागला. त्या रात्री हात बांधावे लागले नाहीत.

पुढच्या पाचही रात्री सिस्टरनी तिकीट काढलं. आयसीयूत गंभीर पेशंटमागं एक नर्स हवी म्हणतात. यांच्याकडं तिघं होते, त्यातला एक व्हेंटिलेटरवर.

आता मला सांगा, हे कुठल्या गुलाबात बसवायचं? राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्कार आहे, १९७३ पासून, राष्ट्रपतींच्या हातून मिळतो. चांगलंच आहे, ज्यांना मिळाला त्यांच्यापुढं हात जोडतो. पण मुक्कामी गाडी अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहायची? तिला साक्षीदार एक मी आणि एक भ्रमातला म्हातारा.

त्याच १९७३ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्या स्वतः तिथल्याच नर्स, हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला गेल्या तोवर, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून जास्त, केईएमच्या सिस्टरांनी त्यांना सांभाळलं. भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. ज्यांनी सुरुवात केली त्या रिटायर झाल्या, हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही नव्हता त्या पोरी ड्युटीला लागल्या, तरी चाललं. त्यांच्या दयामरणाच्या खटल्यात, २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं या सिस्टरांचं तोंडभरून कौतुक केलं. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय का तुमच्या? मग पाठीला जखमा होऊ न देणं काय असतं ते मी सांगायला नको.

माझा मेहुणा अमेरिकेत असतो. त्यानं तिकडच्या डेझी पुरस्काराचं सांगितलं होतं. पॅट्रिक बार्न्स नावाचा तेहतीस वर्षांचा माणूस १९९९ मध्ये गेला, तर त्याच्या घरच्यांनी नर्सेसचे आभार मानायला हा पुरस्कार काढला. पेशंट किंवा त्याच्या घरचे साध्या शब्दांत लिहून देतात, या सिस्टरनी आमच्यासाठी हे केलं. बास. सोबत दालचिनीचे रोल वाटतात, कारण पॅट्रिकला शेवटी तेच गोड लागले होते आणि त्यानं ते नर्सेसनाही आणायला लावले होते. उठसूट अमेरिकेचं कौतुक मला आवडत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण यात त्यांना कळलंय, की नर्स कशी आहे हे कॉटवरचा माणूस सांगणार, पाहुणा नाही.

हो, सगळ्या सिस्टर अशा नसतात. वस्सकन अंगावर येणाऱ्याही भेटल्यात मला. पण तिघांचं काम एकीला देऊन बघा तुमच्या ऑफिसात, आणि मग संध्याकाळी गोड बोला!

आणि पगार. कोर्टाच्या सांगण्यावरनं केंद्रानं नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये म्हटलं, पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला महिन्याला वीस हजारांच्या खाली देऊ नका. खालच्या मजल्यावरच्या पोरीला आज चौदा मिळतात. चौदा हजार आणि एक कप. कपाला कान आहे, एवढंच.

थांबतो. पाणी पिऊन आलो.

पाहुण्यांवर एवढा चिडलोय, पण मी तरी काय केलं? डिस्चार्जच्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म दिला होता. पार्किंग, कँटीन, स्वच्छता, बिलिंग. सगळीकडं टिक केली, कँटीनच्या चहाबद्दल तर दोन ओळी लिहिल्या. सिस्टरबद्दल रकाना नव्हता, आणि मलाही तो नाही हे खटकलं नाही. एक किलो पेढे घेतले, काउंटरवर ठेवले, सकाळच्या पाळीनं खाल्ले. त्या नाइटच्या होत्या. नाव? विचारलंच नाही. नऊ रात्री 'सिस्टर, सिस्टर' करत होतो. छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचायला कितीसा वेळ लागतो?

अण्णा नंतर दोन वर्षं घरी होते, चालते-फिरते. त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणायचे, "तासगावला मुक्कामी गाडी? माझी नव्हतीच ती ड्युटी."

मघाशी फाइल काढली, नाव कुठं सापडतंय का बघायला. सह्या आहेत, एकही वाचता येत नाही. पण एक्स-रेच्या पाकिटात गॉजच्या कागदाचा एक चिटोरा निघाला, कडेनं नीट फाडलेला. सिस्टरनीच ठेवला असणार. कंडक्टरकडं सुट्टे नसले की तो तिकिटामागं बाकी लिहून देतो ना, तसं मागं पेनानं लिहिलंय, अक्षर वाकडं पण अण्णांचंच: '८ रु. बाकी.'

नोव्हेंबर २०१९, आयसीयू, खिडकीकडची कॉट, नाइट. कुणाच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा. हॉस्पिटलचं नाव इनबॉक्समध्ये सांगतो.