दुष्यंत विसरला नव्हता

राजा रविवर्म्याचं ते चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पायातला काटा काढायच्या निमित्ताने शकुंतला सखीच्या खांद्याला धरून थांबली आहे आणि मान वळवून मागे पाहते आहे. हे चित्र लावून सध्या एक मजकूर फिरतोय: 'महाभारतातल्या या कथेत दुष्यंताचा काहीच दोष नाही. दुर्वासांच्या शापामुळे त्याला विसर पडला, अंगठी मिळताच सगळं आठवलं. राजाने फसवलं हे हल्लीच्या लोकांचं खूळ.'

मुळात चित्रातला प्रसंग महाभारतातला नाहीच. पायाला दर्भ टोचल्याचा बहाणा कालिदासाच्या नाटकातला. शाप, अंगठी, कोळी, मासा हेही तिथलंच. आपल्याकडे 1880 मध्ये किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' आलं, 1894 मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि शकुंतला घराघरांत भिंतीवर लागली. त्यामुळे नाटकातली गोष्टच आपल्याला मूळ वाटते.

महाभारताच्या आदिपर्वात काय आहे? गांधर्व विवाहाआधी शकुंतला अट घालते, माझाच मुलगा युवराज होईल. राजा कबूल होतो, तुला न्यायला सैन्य पाठवतो म्हणतो आणि कुणालाच पाठवत नाही. मूल आश्रमातच वाढतं. शेवटी त्याला घेऊन ती भर दरबारात उभी राहते, तेव्हाचे शब्द आहेत: 'राजा स्मरन्नपि अब्रवीन्न स्मरामीति'. आठवत असूनही 'आठवत नाही' म्हणाला. वर तिला 'दुष्ट तापसी' म्हणतो, तिच्या आईचा उद्धार करतो. त्या एका 'अपि'पुढे, म्हणजे 'असूनही'पुढे, विसराची सबब टिकत नाही.

'लोकांनी संशय घेऊ नये म्हणून तो तसं वागला' असाही बचाव वाचला. दुष्यंत हे स्वतः म्हणतो, खरं आहे. पण कधी? मुलगा तुझाच आहे असं आकाशवाणीने सांगितल्यावर. तोवर ती एकटी झुंजत होती. हजार अश्वमेध एका पारड्यात घातले तरी सत्यच जड भरेल, असं त्याला तोंडावर सुनावत होती. शापाची गोष्ट पुढे करून आपण तिचं हे बोलणंच पुसून टाकतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि कालिदास तरी राजाला कुठे सोडतो? पाचव्या अंकात शकुंतला दरबारात यायच्या आधीच आतून त्याच्या हंसपदिका या राणीचं गाणं ऐकू येतं: नव्या मधाला हपापलेल्या भुंग्या, आंब्याच्या मोहराला विसरलास कसा? टोमणा आपल्यालाच आहे हे राजाला कळतं. हंसपदिकेला विसरायला त्याला कुठल्या ऋषीचा शाप लागला नव्हता.