तीन हजारात काय घेऊ, तेवढं सांगा ना

खताच्या सल्ल्यावर शिबिरं होतात, मेळावे होतात, पण वावरातला माणूस जे विचारतो त्याचं उत्तर कोणत्याच कागदावर नसते. प्रश्न साधा आहे राजेहो. "भाऊ, हातात तीन हजार आहेत, दोन एकर कोरडवाहू पऱ्हाटी (कापूस) आहे, काय घेऊ अन् काय सोडू?"

अन् हे नागपूरच्या आजूबाजूला व्हावं याचंच जास्त नवल वाटते. अमरावती रोडवर देशाचा मृदा सर्वेक्षण ब्युरो, वर्धा रोडला केंद्रीय कापूस संशोधन संस्था, महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय. तरी कळमेश्वर नाहीतर भिवापूरच्या शेतकऱ्याला खत कोण सांगते? कृषी केंद्राचा, म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानाचा, काउंटरवाला. तो वाईटच असतो असं नाही, उधारी तोच देते, अडल्यावर फोनही तोच उचलते. पण दुकानात जे पडून आहे तेच तो सांगणार ना, अन् डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) मागितलं की सोबत एखादं ग्रोथवालं डबडं गळ्यात मारतात, लिंकिंग म्हणतात त्याला, सगळ्यांना माहीत आहे पण तक्रार कोण करते, पुढच्या महिन्यात परत त्याच्याच दारात उभं राहायचं आहे.

मृदा आरोग्य कार्ड 2015 मध्ये आलं. कल्पना चांगलीच होती, नत्र-स्फुरद-पालाशपासून जस्त-बोरॉनपर्यंत 12 गोष्टी तपासून मिळतात. पण सुरुवातीच्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात 10 हेक्टरमागे एक नमुना, म्हणजे जवळपास 25 एकर. आपल्याकडे धुऱ्याच्या (बांधाच्या) इकडे भारी काळी अन् तिकडे मुरमाड बरड असते, मग तीन एकरवाल्याच्या कार्डावर कोणाची माती आली? अन् आकडे सगळे किलो प्रति हेक्टर. हेक्टरमध्ये कोण वावर मोजते बापा?

समजा कार्डावर 60:30:30 लिहिलं आहे, म्हणजे हेक्टरी इतके किलो नत्र, स्फुरद अन् पालाश. एकरात अन् बॅगेत केलं तर डीएपी साधारण अर्धी बॅग, युरिया एक बॅग, पोटॅश (पालाशाचं खत) 20 किलो. एवढंच लिहायचं होतं!

आता तीन हजाराचं बघू. एका बॅगेला डीएपी 1350, युरिया 266 रुपये 50 पैसे. दोन एकराला एक डीएपी अन् दोन युरिया म्हणजे 1883. उरले अकराशे. आपल्या काळ्या मातीत पालाश बहुतेक ठिकाणी बरं असते, कार्डावर तसं दिसत असेल तर पोटॅश यावर्षी सोडून द्या. जस्त कमी दाखवत असेल तर एकरी 10 किलो झिंक सल्फेट आधी घ्या, फक्त ते डीएपीत कालवू नका, दोन्हीचा उपयोग कमी होते. म्हणजे मुख्य खत तीन हजारात बसते. पण हा हिशोब शेतकऱ्याला करून कोणी देत नाही, त्यामुळे तो पोतं बघून घेते, शेजाऱ्यानं दोन टाकली तर आपण अडीच.

जूनमध्ये डीएपी गायब झालं की ब्लॅकने घेणारे पण बघितले. अरे, सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा अन् 20 किलो युरिया घ्या, एका डीएपीचं काम होते, वरून गंधक फुकट, सोयाबीनला तर ते पाहिजेच असते. तीन पोती वावरापर्यंत न्यायचा त्रास आहे, खरं आहे, पण ब्लॅकपेक्षा परवडते.

सगळ्यात राग मला येतो तो "30 दिवसांनी युरिया द्यावा" या वाक्याचा. तिसाव्या दिवशी पाऊस दडी मारून बसला असेल तर? कोरड्या काळ्या जमिनीवर वरवर फेकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र हवेत उडून जाते. ओल असली तरच द्या, डवऱ्यानं (कोळप्यानं) मातीआड करा, अन् ओल नसेल तर थांबा, पैसे खिशात राहू द्या. हे "थांबा" कोणत्याच पत्रकात नसते. स्फुरदाचं उलटं, ते मातीत फारसं सरकत नाही, म्हणून पेरणीसोबत बियाच्या खाली गेलं तर कामाचं, नंतर बुडाशी मूठमूठ टाकून अर्धं वाया. अन् सोयाबीनच्या मुळावर हवेतलं नत्र घेणाऱ्या चांगल्या गाठी असताना वरून युरिया काहून देता? पीक नुसतं माजते.

माझं म्हणणं एवढंच की एप्रिल-मेत वावर रिकामं असताना ज्याच्या त्याच्या वावरातून नमुना घ्या, अन् रोहिणी नक्षत्र लागायच्या आत कृषी सहायकानं (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) गावागावातल्या कृषी केंद्राच्या काउंटरवर एक कागद चिकटवावा. भारी जमीन, बरड जमीन, पऱ्हाटी, सोयाबीन, एकरी किती बॅगा, किती रुपये, पैसे कमी असतील तर पहिले काय, पाऊस नाही आला तर काय. अन् त्याच कागदावर लिंकिंगची तक्रार कुठं करायची तो नंबरही टाका, मोठ्या अक्षरात.