‘वेळ आली होती’ असं परत माझ्यासमोर बोलू नका

आज दुपारी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी पेपरातलं कात्रण टाकलं. राज्यात वेगवेगळ्या अपघातांत इतके ठार, असा एकच मथळा आणि खाली विदर्भातला अपघात दोन ओळीत, मराठवाड्यातला दोन ओळीत, मग पुणे जिल्हा, मग कोकण, आणि जवळपास प्रत्येकात तेच, चालकाचा ताबा सुटल्याने. एकमेकांना कधी बघितलंही नाही अशी माणसं एका चौकटीत कोंबलेली. त्याखाली आमच्यातल्याच एकाचा मेसेज, "वेळ आली की कोण काय करणार" आणि हात जोडलेले, मग बाकीच्यांचे हात जोडलेले. मला पुढे डबा खाववेना.

वेळबिळ काही आली नव्हती हो. माझा मामेभाऊ संदेश गणपतीला गावी निघाला होता, परळहून बाइकवर, पहाटे, कारण दिवसा मुंबई-गोवा हायवेवर मुंगी शिरायला जागा नसते. कोलाडच्या पुढे रस्ता एका बाजूने बंद, वाहतूक दुसऱ्या लेनवर वळवलेली, आणि त्या वळणावरच एक डंपर उभा. टेललाइट नाही, मागे रिफ्लेक्टरची पट्टी नाही, नंबरप्लेट चिखलाने भरलेली. रस्ता वळवलाय हे सांगायला काय, तर चुना मारलेले चार दगड आणि एक फांदी. पाऊस होता, अंधार होता, संदेश त्या डंपरवर आदळला. मला सांगा, यात वेळ कुठून आली? कोणीतरी तो डंपर तिथे लावला ना? कोणीतरी तिथे दिवा लावला नाही ना?

मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं. तेव्हा शाळेत असलेली पोरं आज स्वतःची मुलं घेऊन त्याच डायव्हर्शनवरून गावी जातायत. दर गणपतीच्या आधी मंत्री पाहणी करतात, खड्डे भरतात, पुढच्या पावसात परत तेच. जानेवारी २०२३ मध्ये माणगावजवळ रेपोलीला कार आणि ट्रकची धडक होऊन एकाच नात्यातली नऊ माणसं जागीच गेली, दोन दिवस बातम्या झाल्या, मग संपलं.

आणि हे फक्त कोकणाचं रडगाणं नाहीये. समृद्धी महामार्ग घ्या. १ जुलै २०२३, सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्सची बस उलटली, पेटली, २५ माणसं आतल्या आत जळाली. बस दाराच्या बाजूवर पडली तर झोपलेल्या माणसांनी अंधारात बाहेर कुठून पडायचं? ७०१ किलोमीटरचा सरळसोट रस्ता, ताशी १२० ची परवानगी, आणि सुरुवातीला मैलोन्‌मैल थांबायला, तोंडावर पाणी मारायला धड जागा नाही. रात्रभर एकसारखा रस्ता बघून ड्रायव्हरचे डोळे मिटणारच, तो पण माणूसच आहे. पुण्याला नवले पुलावर तर लहान पोरगं पण सांगेल की कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की उतार आहे, ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात आणि खाली येईपर्यंत ब्रेक लागत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका अवजड गाडीने एकामागून एक कितीतरी गाड्या ठोकल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये परत, त्याच उतारावर, आणि या वेळी माणसं जळून मेली. साखरपट्ट्यात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरलेल्या, मागे एक लाल दिवा नाही. सांगोल्याला जुनोनीजवळ ऑक्टोबर २०२२ मध्ये कार्तिकीला पायी निघालेल्या दिंडीत गाडी घुसली, सात वारकरी गेले. विठोबाच्या वाटेवर चालणाऱ्यांसाठी पण रस्त्याच्या कडेला दोन हात जागा नाही आपल्याकडे.

मुंबईत काय वेगळं आहे? डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला बस माणसं आणि गाड्या चिरडत गेली. भाड्याने घेतलेली इलेक्ट्रिक बस, चालकाला किती दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं हा प्रश्न तेव्हा सगळे विचारत होते, आता कोण विचारतं? त्याच वर्षी वरळीला पहाटे मासळी घेऊन येणाऱ्या बाईला महागड्या गाडीने फरफटत नेलं. ती तर पोटापाण्यासाठी निघाली होती, तिची पण वेळच का?

हो, मान्य, आपली लोकं पण कमी नाहीत. राँग साइड, ट्रिपल सीट, हेल्मेट कोपरात अडकवून. दारू पिऊन चालवणाऱ्याची तर मला अजिबात दया येत नाही. पण संदेशने हेल्मेट घातलं होतं, बक्कल लावून. ते मामाकडे अजून आहे, डाव्या कानाकडून वरपर्यंत गेलेली चीर. मागे सीटला बांधलेली मखराच्या सामानाची पिशवी मात्र जशीच्या तशी, लालबागला घेतलेल्या कापडी फुलांच्या माळा, बिल आत.

पंचनाम्यात लिहिलं, भरधाव वेगात हयगयीने चालवून उभ्या वाहनास धडक. मेलेला माणूस आरोपी, आणि फाइल बंद! डंपर तिथे का होता, काम कुणाचं होतं, बोर्ड का नव्हता, एक अक्षर नाही. मामा अजून क्लेमसाठी कोर्टात तारखा घेतोय, आणि तिथे त्यालाच विचारतात, मुलगा नेहमी वेगात चालवायचा का? सत्तरीच्या माणसाला.

लिहिता लिहिता परत चढतोय राग. पण एक सांगायलाच हवं. मागून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर उतरला होता, त्याने स्वतःचा टॉवेल संदेशच्या डोक्याला बांधला, १०८ येईपर्यंत त्याच्याशी बोलत बसला, नाव विचारलं, गाव विचारलं. मामीला फोन त्यानेच केला. गाडीतली लोकं ओरडत होती उशीर होतोय म्हणून, तो हलला नाही. त्या माणसाचं आमच्यावर जन्माचं ऋण आहे. जवळच्या दवाखान्यातून पुढे पनवेलला न्या म्हणाले, आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अँब्युलन्स उभी असतानाच संदेश गेला. घरून परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलपर्यंत तो लहानपणी चालत जायचा.

आणि हे बदलत नाही असं कुणी म्हणू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आठवा. अभिनेत्री भक्ती बर्वे तिथे गेल्या, अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे तिथे गेले, तेव्हा पण लोक रस्ता शापित आहे म्हणायचे. नंतर मधे वायर रोपचे अडथळे आले, कठडे आले, २०१६ पासून एकेक धोक्याची जागा शोधून काम झालं, आणि मृत्यू खरंच बरेच कमी झाले. अजून होतात, पण कमी झाले. शाप गेला कुठे मग? महाराष्ट्रात वर्षाला पंधरा हजारांवर माणसं रस्त्यावर मरतात. सगळ्यांच्या पत्रिकेत एकच ग्रह नव्हता.

आता माझं ऐका. मोटार वाहन कायद्याप्रमाणे जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस अडकवू शकत नाहीत, नाव सांगायची पण सक्ती नाही, तेव्हा थांबत जा. गावाकडे कुणाचा ट्रॅक्टर, टेम्पो असेल तर मागे रिफ्लेक्टरची टेप लावून घ्यायला सांगा, दोन-चारशेत काम होतं. आणि तुमच्या रस्त्यावरची अशी जागा, जिथे सगळ्यांना माहितीये की इथे माणूस मरणार, ती कमेंटमध्ये लिहा. रस्ता, जवळचं गाव, जमलं तर किलोमीटरचा दगड आणि फोटो. पीडब्ल्यूडी असो नाहीतर हायवेवाले, प्रत्येक जागेचा वेगळा अर्ज करणार आहे, पोच घेऊन. पहिली मी लिहिते, मुंबई-गोवा हायवे, कोलाडच्या पुढचं डायव्हर्शन.